कवटी न उघडता

दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवताना आपण तारेचे वेटोळे गॅल्व्हानोमीटरला जोडतो आणि पट्टीचुंबक त्याच्या आत-बाहेर करून दाखवतो. चुंबक हलतो तेव्हा काटा हलतो. चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवून दिला, तर काटा शून्यावरच राहतो. ही गोष्ट मुलांना पटते, कारण ती डोळ्यांना दिसते. मग एखादा व्रात्य मुलगा विचारतो, "सर, तारेऐवजी डोके ठेवले तर?" वर्ग हसतो आणि तास पुढे सरकतो.

वास्तविक या प्रश्नात हसण्यासारखे काही नाही. तांब्याच्या तारेइतका नसला, तरी मेंदूही वीजवाहक आहे, आणि चेतापेशींचा सारा कारभार विद्युतस्पंदांवर चालतो. तेव्हा बदलते चुंबकीय क्षेत्र मेंदूतून गेले, तर तेथेही प्रवाह निर्माण व्हायला हवा आणि त्या प्रवाहाने चेतापेशी जाग्या व्हायला हव्यात. मायकेल फॅरडेने प्रवर्तनाचा शोध लावला तो १८३१ साली. जागत्या, निरोगी माणसाच्या डोक्यावर वेटोळे धरून त्याचा हात हलवून दाखवण्यात यश आले ते १९८५ साली. मधली १५४ वर्षे कशात गेली, त्याची ही हकिकत आहे.

विजेने स्नायू आकसतो, हे लुईजी गॅल्व्हानी याच्या बेडकाच्या पायांवरील प्रयोगांमुळे १७९१ पासून सर्वांना ठाऊक होते. मेंदूची गोष्ट मात्र वेगळी मानली जाई. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर करड्या रंगाचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्याला बाह्यक म्हणतात. हे बाह्यक विचाराचे स्थान असून त्याला टोचले, डिवचले तरी शरीरात हालचाल होत नाही, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक शरीरशास्त्रज्ञांचे मत होते. हे मत १८७० साली बर्लिनमध्ये गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोन तरुण डॉक्टरांनी मोडून काढले. प्रयोगशाळेत जागा नव्हती म्हणून त्यांनी हिट्झिगच्या घरी, त्याच्या पत्नीच्या शृंगारमेजावर कुत्र्यांवर प्रयोग केले, असे सांगतात. बॅटरीचा प्रवाह किती ठेवायचा याचे त्यांचे मापही घरगुतीच होते: जिभेच्या टोकाला जेमतेम जाणवेल एवढा. कुत्र्याच्या मेंदूच्या पुढील भागातील ठरावीक जागी हा प्रवाह दिला, की विरुद्ध बाजूच्या पायाची ठरावीक हालचाल होई. जागा थोडी बदलली की हालचालही बदले. हेच मेंदूचे प्रेरक क्षेत्र. तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, इंग्लंडमध्ये वेकफील्ड येथील मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डेव्हिड फेरियर याने हेच काम पुढे नेले आणि लवकरच माकडांच्या मेंदूचा अधिक बारीक नकाशा तयार केला. त्याने बॅटरीचा सरळ प्रवाह न वापरता प्रवर्तन वेटोळ्यातून मिळणारा प्रवाह वापरला. म्हणजे फॅरडेचे तत्त्व या गोष्टीत तेव्हाच शिरले होते, पण तार अजून उघड्या मेंदूलाच टेकवावी लागत होती.

माणसाच्या मेंदूचे काय? इथे या इतिहासातले एक काळे पान येते. १८७४ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी येथे रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरकडे मेरी रॅफर्टी नावाची, घरकाम करणारी तीस वर्षांची बाई उपचारासाठी आली. कर्करोगाच्या व्रणाने तिच्या कवटीचे हाड खाल्ले जाऊन मेंदू उघडा पडला होता. बार्थोलोने मेंदूत विद्युतवाहक सुया खुपसून प्रवाह सोडला. विरुद्ध बाजूचे हातपाय हलले. म्हणजे कुत्र्यामाकडांचा नियम माणसालाही लागू होता. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रवाह वाढवला. ती वेदनेने रडू लागली आणि पुढे तिला जोराचे झटके आले. काही दिवसांतच ती वारली. बार्थोलोने हे सारे स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. त्याच्यावर दोन्ही खंडांतून टीका झाली आणि त्याला जाहीरपणे खेद व्यक्त करावा लागला. तिची संमती होती, असे तो म्हणे. मरणपंथाला लागलेल्या, डॉक्टरवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या गरीब बाईच्या संमतीला कितीसा अर्थ होता, हे वाचकांनीच ठरवावे. माणसाच्या प्रेरक क्षेत्राचा पहिला थेट पुरावा अशा रीतीने मिळाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तके बहुधा सांगत नाहीत.

पुढे हा अभ्यास शस्त्रक्रियेच्या टेबलावर, रुग्णाच्या हितासाठी होऊ लागला. कॅनडात मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड हा शल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत असे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे डोक्याची त्वचा तेवढी बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येते. कापायच्या जागेजवळ बोलण्याचे किंवा हाताचे क्षेत्र तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो सौम्य प्रवाहाने जागोजागी चाचपून बघे आणि काय वाटते, ते रुग्णच सांगे. एडविन बोल्ड्री याच्यासह त्याने १९३७ मध्ये १६३ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मेंदूच्या मध्यभागी डोक्यावरून आडवी जाणारी एक खोल घळ आहे. तिच्या पुढच्या काठावर प्रामुख्याने प्रेरक क्षेत्र, मागच्या काठावर संवेदी क्षेत्र. दोन्हींत शरीराचे अवयव ओळीने मांडलेले, मात्र आकाराच्या प्रमाणात नव्हे: अंगठा, बोटे, ओठ, जीभ यांना भरपूर जागा आणि अख्ख्या पाठीला चिमूटभर. मोठ्या हातांचा आणि जाड ओठांचा तो विचित्र बुटका माणूस अनेकांनी पुस्तकात पाहिला असेल; तो इथला. पण ही माहिती मिळत होती ती आजारी मेंदूंची, आणि तीही कवटी उघडल्यावरच.

आता दुसरा धागा पाहू. कवटी न उघडता चुंबकाने आत शिरता येते का, याचा प्रयत्न फ्रान्समध्ये आर्सेन द आर्सोनव्हाल याने केला. १८९६ साली त्याने डोके मावेल एवढे मोठे वेटोळे घेतले आणि त्यात ११० व्होल्ट, ३० अँपिअरचा, सेकंदाला ४२ आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला. आत डोके घातलेल्या माणसाला प्रकाशाच्या लहरी चमकताना दिसल्या, गरगरले आणि काहींना घेरीही आली. प्रकाश नसताना दिसणाऱ्या अशा चमकांना आपण प्रकाशाभास म्हणू. १९०२ मध्ये व्हिएन्नातील दोघांनी नैराश्य आणि मानसिक व्याधींवर इलाज म्हणून डोक्यावर धरायच्या विद्युतचुंबकाचे पेटंटही मिळवून टाकले. विज्ञानाच्या आधी बाजार पोचल्याचे हे पहिले उदाहरण नव्हे, शेवटचे तर नव्हेच. १९१० मध्ये लंडनला सिल्व्हेनस थॉम्प्सन याने हा प्रयोग स्वतंत्रपणे केला. त्याला दिवसाउजेडी, डोळे उघडे असतानाही फिकट निळसर चमचम दिसली. गणिताच्या शिक्षकांना हा थॉम्प्सन परका नसेल. 'कॅल्क्युलस मेड ईझी' हे अजूनही छापले जाणारे गमतीदार पुस्तक त्याचेच, आणि तेही १९१० सालचेच.

चुंबकाने मेंदू उत्तेजित होतो हे सिद्ध झाले, असे कोणालाही वाटेल. निरीक्षण खरे होते. ते अनेकांना अनेकदा आले. तरीही निष्कर्ष चुकीचा होता. चमक दिसली एवढ्यावरून ती मेंदूतच निर्माण झाली, असे कसे म्हणता येईल? प्रकाशापासून मेंदूपर्यंतच्या वाटेत डोळा आहे, आणि डोळ्याचे दृष्टिपटल हे स्वतः चेतापेशींचेच जाळे आहे. या शंकेचा निकाल १९४७ मध्ये हॉरेस बार्लो, कोन आणि वॉल्श यांनी लावला. (बार्लो हा चार्ल्स डार्विनचा पणतू.) वेटोळे कानशिलाजवळ धरले की चमक दिसे, पण डोक्याच्या मागे, जिथे मेंदूचे दृष्टिक्षेत्र आहे तिथे धरले तर दिसत नसे. डोळा बोटाने काही काळ दाबून धरला, तर तात्पुरते दिसेनासे होते. अशा दाबलेल्या डोळ्याने या चमकाही दिसेनाशा झाल्या. म्हणजे अर्धशतकभर जो मेंदूवरचा परिणाम वाटत होता, तो डोळ्यातला निघाला. साधा प्रयोग, हातात फारशी यंत्रसामग्री नाही, पण नेमका प्रश्न विचारलेला. खऱ्या निरीक्षणातून खोटा निष्कर्ष कसा निघतो हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

मग मेंदू का जागा होत नव्हता? याचे उत्तर आपल्या पट्टीचुंबकाच्या प्रयोगातच आहे. प्रवर्तित विद्युतदाब चुंबकीय क्षेत्र किती मोठे आहे यावर नव्हे, तर ते किती झपाट्याने बदलते यावर अवलंबून असतो. चुंबक हळू सरकवला तर काटा जेमतेम थरथरतो, झटक्यात ओढला तर उडी मारतो. सेकंदाला चाळीस-पन्नास आवर्तनांचे क्षेत्र दृष्टिपटलासारख्या अतिसंवेदनशील जाळ्याला पुरत होते, पण बाह्यकातील चेतापेशींना उंबरठ्यापलीकडे ढकलायला ते फार संथ होते. हवे होते ते मोठे क्षेत्र, आणि तेही सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात शून्यावरून शिखरावर जाणारे. त्यासाठी मोठ्या धारित्रात (कपॅसिटरमध्ये) वीज साठवून ती एका दमात वेटोळ्यातून सोडून द्यावी लागते. हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात चालू करणारा विश्वासू स्विच त्यासाठी हवा. अशी साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताशी आली. १९६५ मध्ये बिकफोर्ड आणि फ्रेमिंग यांनी अशा चुंबकीय स्पंदाने बेडूक, ससा आणि माणूस यांच्या हातापायांतील चेता उत्तेजित केल्या. पण मेंदू बाकीच राहिला.

त्याआधी एका आडवाटेची नोंद केली पाहिजे. १९८० मध्ये लंडनच्या पॅट्रिक मर्टन आणि बर्ट मॉर्टन यांनी सरळ विजेनेच कवटी पार केली. डोक्याच्या त्वचेवर दोन विद्युतअग्रे ठेवून त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा अत्यंत अल्पकाळाचा झटका दिला, आणि विरुद्ध बाजूचा हात हलला. प्रयोगाचे पहिले मानकरी ते स्वतःच होते. बार्थोलोच्या काळापासून नीतीत केवढा फरक पडला, हे यावरून ध्यानात येईल. पण झटका चांगलाच दुखे. हाड विजेला विरोध करते, त्यामुळे बहुतेक प्रवाह आत न शिरता त्वचेतूनच वाहतो आणि तिथल्या वेदनावाहक चेतांना झोडपतो. संशोधक स्वतः सोसतील, पण रुग्णाला रोज कोण सांगणार?

या अडचणीवर तोड निघाली शेफील्ड येथे. अँथनी बार्कर, रझा जलिनूस आणि इयन फ्रीस्टन हे तिघे वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांपैकी. चुंबकीय स्पंदाने हाताच्या चेता उत्तेजित करण्याचे काम शेफील्डच्या गटात सत्तरच्या दशकापासून चालले होते. १९८५ साली त्यांनी सपाट गोल वेटोळे डोक्याच्या माथ्यावर धरले, स्पंद सोडला, आणि समोर बसलेल्या माणसाचा हात हलला. दुखले नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मे १९८५ मध्ये एका छोट्या टिपणाच्या रूपात ही बातमी आली.

दुखले का नाही? चुंबकीय क्षेत्राला हाड आणि हवा सारखेच. ते कवटीतून जवळपास न घटता आरपार जाते आणि आतल्या वीजवाहक ऊतींत प्रवाह निर्माण करते. त्वचेत फार मोठा प्रवाह एकवटत नाही, त्यामुळे टिचकी मारल्यासारखे वाटते इतकेच. वेटोळ्यातून मात्र फटाक्यासारखा आवाज येतो, म्हणून कानात बोळे घालतात. क्षेत्र दीड ते दोन टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक, पण टिकते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अंतर वाढेल तसा परिणाम झपाट्याने घटतो, त्यामुळे नेहमीच्या वेटोळ्याने डोक्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरच आत पोचता येते. हाताचे क्षेत्र कवटीलगत असल्याने चटकन प्रतिसाद देते. पायाचे क्षेत्र दोन अर्धगोलांमधल्या खाचेत दडलेले, म्हणून त्याला जास्त जोर लागतो. गोल वेटोळ्याचा परिणाम बराच पसरट होई. १९८८ मध्ये जपानच्या शोगो उएनो यांनी दोन वेटोळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी शेजारी-शेजारी ठेवली. दोन्हींतील प्रवाह उलट दिशांनी फिरत असल्याने मधल्या सांध्याखाली परिणामांची बेरीज होते आणि नेम सेंटिमीटरच्या आत येतो.

डॉक्टरांना याचा उपयोग ताबडतोब सापडला. डोक्यावर स्पंद दिल्यापासून सुमारे २० मिलिसेकंदांत हाताच्या स्नायूत विद्युतप्रतिसाद उमटतो. मानेपाशी उत्तेजन देऊन तिथून हातापर्यंतचा वेळ वेगळा मोजता येतो. तो वजा केला की मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ मिळतो. निरोगी माणसात तो सहा-सात मिलिसेकंद असतो. चेतातंतूंवरचे वेष्टण झिजवणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात तो लांबतो. अशा रीतीने तारेत बिघाड आहे की नाही, हे सुई न टोचता समजू लागले.

शरीरशास्त्रज्ञांचे लक्ष मात्र एका लहानशा विसंगतीकडे गेले. मर्टन-मॉर्टन पद्धतीच्या विद्युतझटक्यानंतर हाताचा प्रतिसाद जेवढ्या वेळात येई, त्यापेक्षा चुंबकीय स्पंदानंतर तो एक-दोन मिलिसेकंद उशिरा येई. एवढ्याशा उशिराचे काय मोठेसे? पण मज्जारज्जूकडे जाणारे चेतातंतू तेच, वेग तोच. मग उशीर कवटीच्या आतच झाला असला पाहिजे. अर्थ असा निघाला, की विद्युतझटका खाली जाणाऱ्या लांब तंतूंना थेट पेटवतो, तर चुंबकीय स्पंद आधी बाह्यकातल्या शेजारच्या चेतापेशींना जागे करतो आणि त्या पुढे निरोप देतात. म्हणून चुंबकीय प्रतिसादाचा आकार बाह्यक त्या क्षणी कोणत्या मनःस्थितीत आहे, यावर ठरतो. हात सैल असताना जो प्रतिसाद लहान, तोच मूठ किंचित आवळली की मोठा. आवळलेल्या मुठीत प्रतिसादानंतर शंभर-दोनशे मिलिसेकंद स्नायू एकदम गप्पही होतो, कारण स्पंदाने बाह्यकातील दडपणाऱ्या पेशीही जाग्या केलेल्या असतात. केवळ 'हात हलतो' इतकेच नव्हे, तर प्रेरक क्षेत्र किती तयार, किती दडपलेले हे मोजण्याचे साधन हाती आले होते.

संवेदी क्षेत्राने मात्र सुरुवातीला निराशा केली. पेनफील्डच्या रुग्णांना त्या काठावर तार टेकवली की बोटात मुंग्या जाणवत. चुंबकीय स्पंदाने असे स्पष्ट काही सहसा जाणवत नाही. मग काही जणांनी प्रश्नच उलटा केला: स्पंदाने काय निर्माण होते हे न विचारता, काय बिघडते हे विचारले. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या वाहे अमॅसियन यांनी पडद्यावर तीन अक्षरे क्षणभर दाखवली आणि नंतर डोक्याच्या मागच्या बाजूला स्पंद दिला. स्पंद अक्षरांनंतर ८० ते १०० मिलिसेकंदांनी आला, तर माणसाला अक्षरे पुसट दिसत किंवा दिसतच नसत. त्याहून बराच आधी किंवा बराच नंतर आला, तर तो ती बिनचूक वाचे. म्हणजे डोळ्यांकडून आलेला निरोप दृष्टिक्षेत्रात नेमका केव्हा हाताळला जातो, त्याची वेळच मिळाली. १९९१ मध्ये लिओनार्दो कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पर्शाबाबत तसेच केले. बोटाला अगदी हलकी चेतना द्यायची आणि तिच्या आगेमागे विरुद्ध बाजूच्या संवेदी-प्रेरक क्षेत्रावर स्पंद सोडायचा. ठरावीक वेळेच्या पट्ट्यात स्पंद आला, की ती चेतना अनेकदा जाणवतच नसे. भरवर्गात कोणी हळू आवाजात उत्तर सांगत असताना जोरात घंटा वाजावी, तसे काहीसे. प्रेरक क्षेत्राचीही गंमत अशीच. १९८९ मध्येच लंडनच्या ब्रायन डे, जॉन रॉथवेल आदींनी दाखवले, की खूण मिळताच हात हलवायचा असे ठरले असताना हालचालीच्या किंचित आधी स्पंद दिला, तर हालचाल दीडशे मिलिसेकंदांपर्यंत लांबते, पण नंतर होते ती जशीच्या तशी. ठरलेला बेत पुसला जात नाही, नुसता खोळंबतो.

शिक्षकांना रस वाटेल असा एक प्रयोग १९९५ मध्ये अल्वारो पास्कुअल-लिओन यांनी प्रसिद्ध केला. कधीही पियानो न वाजवलेल्यांना पाच बोटांचा एक सराव पाच दिवस, रोज दोन तास करायला लावला आणि रोज चुंबकीय स्पंदांनी बोटांच्या स्नायूंचा मेंदूतला नकाशा काढला. नकाशा दिवसागणिक पसरत गेला. वेळ तेवढाच, पण वाटेल तसे बोटे आपटणाऱ्यांच्या नकाशात असा फरक पडला नाही. तिसऱ्या गटाने बोट न हलवता तोच सराव फक्त मनात केला. त्यांचाही नकाशा पसरला. बोटांचे कौशल्य मात्र पाचव्या दिवशी, प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतपतच आले होते. मनातल्या मनात तबल्याचे बोल घोकणाऱ्याला आपण हसतो. त्याच्या मेंदूत काही ना काही चालू असते एवढे खरे, पण तबल्यावर हात ठेवल्याशिवाय भागत नाही हेही तितकेच खरे.

एकेका स्पंदावरून पुढे स्पंदांच्या मालिकेवर काम सुरू झाले. १९९७ मध्ये रॉबर्ट चेन आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला जवळपास एक या संथ गतीने पंधरा मिनिटे स्पंद दिले, तेव्हा प्रेरक क्षेत्राचा प्रतिसाद मालिका संपल्यावरही काही काळ घटलेला राहिला. गती वाढवली तर तो उलट वाढतो, असे इतरांना आढळले. मेंदूच्या एखाद्या भागाला काही काळापुरते वर-खाली करण्याचा हा मार्ग दिसताच उपचाराच्या आशा पालवल्या. धोकाही दिसला. जलद मालिकेने काही निरोगी माणसांनाही अपस्मारासारखा झटका आला. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे संशोधकांनी एकत्र बसून जोर, गती आणि कालावधी यांच्या मर्यादा आखल्या. त्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, औषधाने गुण न आलेल्या नैराश्यावरील उपचारासाठी अशा यंत्राला परवानगी दिली. १९०२ च्या पेटंटानंतर हे शंभराहून अधिक वर्षांनी, आणि मधल्या काळात खऱ्या स्पंदांची तुलना नुसत्या टकटक आवाज करणाऱ्या खोट्या वेटोळ्याशी करून. तरी सावधगिरी बाळगलेली बरी. २०१३ मध्ये मासाशी हमादा आणि सहकाऱ्यांनी पन्नासहून अधिक निरोगी माणसांवर, आधी लहान गटांत खात्रीचा वाटलेला स्पंद-क्रम तपासला. सरासरीने काहीच परिणाम निघाला नाही. काहींचा प्रतिसाद वाढला, काहींचा घटला. एकाच स्पंदाने प्रत्येकाच्या बाह्यकातल्या वेगवेगळ्या पेशी आधी जाग्या होतात, हे त्याचे एक मोठे कारण होते. मघाच्या त्या एक-दोन मिलिसेकंदांच्या उशिराचाच हा धागा.

या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अंध वाचकांवरचा प्रयोग. ब्रेल लिपीत सहा ठिपक्यांच्या चौकटीतून अक्षरे बनतात आणि ती बोटाने वाचतात. आपल्याकडे मराठीसाठी वापरतात ती भारती ब्रेलही याच चौकटीवर बेतलेली आहे. १९९३ मध्ये पास्कुअल-लिओन यांना आढळले होते, की सराईत ब्रेलवाचकाच्या वाचणाऱ्या बोटाचे संवेदी क्षेत्र इतर बोटांपेक्षा मोठे असते. हे अपेक्षितच म्हणता येईल. १९९६ मध्ये नोरिहिरो सादातो यांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले ते अनपेक्षित होते. लहानपणापासून अंध असलेले लोक ब्रेल वाचत असताना त्यांच्या डोक्यामागचे दृष्टिक्षेत्रही कामाला लागलेले दिसे! ज्यांनी कधी पाहिलेच नाही, त्यांचे दृष्टिक्षेत्र बोटाचा निरोप वाचत होते काय?

छायाचित्र एवढेच सांगते, की तिथे हालचाल आहे. शेजारच्या खोलीत दिवा लागलेला दिसला, म्हणून आपल्या खोलीतले काम तिथूनच चालते असे होत नाही. दिवा विझवून बघावे लागते. १९९७ मध्ये लिओनार्दो कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. अंध वाचक बोटाने अक्षरे ओळखत असताना त्यांच्या डोक्याच्या मागच्या भागावर चुंबकीय स्पंदांची छोटी मालिका दिली. ते चुकू लागले. ठिपके गायब झाले, नसलेले ठिपके लागले, असे ते सांगत. डोळस माणसे उठावाची अक्षरे बोटाने ओळखत असताना त्याच जागी स्पंद दिले, तर त्यांच्या वाचनावर काही परिणाम होत नव्हता. १९९९ मध्ये याच गटाने, वयाच्या चौदाव्या वर्षानंतर दृष्टी गेलेल्यांवर प्रयोग केला. त्यांच्यातही स्पंदांनी ब्रेलवाचन बिघडले नाही. पुढच्याच वर्षी वैद्यकीय वाङ्मयात एका रुग्णाची नोंद आली. जन्मापासूनची अंध, ब्रेलमध्ये अत्यंत पारंगत अशी ही बाई पक्षाघातात दोन्ही बाजूंची दृष्टिक्षेत्रे निकामी होऊन ब्रेल वाचू शकेनाशी झाली. वस्तू हाताने ओळखत होती. ठिपके बोटाला लागत होते, पण त्यांची अक्षरे होत नव्हती.

यावरून असे वाटेल, की लहान वयात मेंदूत नवी वाट तयार होते आणि मोठेपणी ती संधी संपते. पण २००८ मध्ये लॉटफी मेराबेट आणि सहकाऱ्यांनी वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट डोळस प्रौढांच्या डोळ्यांवर पाच दिवस-रात्र पट्टी बांधून त्यांना ब्रेल शिकवले. पाचव्या दिवशी डोक्यामागे स्पंद दिले, तेव्हा त्यांचे बोटाने अक्षर ओळखणे बिघडले. पट्टी सोडून एक दिवस झाल्यावर तोच स्पंद, तीच माणसे, आणि परिणाम नाही. पाच दिवसांत मेंदूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवे चेतातंतू वाढत नाहीत, आणि एका दिवसात ते आखडूनही जात नाहीत. तेव्हा बोटाकडून दृष्टिक्षेत्राकडे जाणारी वाट आधीपासूनच तिथे असणार, आपणा सर्वांच्या डोक्यात, डोळे उघडे असेपर्यंत दाबून ठेवलेली.